नवतप्यात शिप्र

माझी मावसबहीण पुण्यात सेंट बनवते. नोकरी सांभाळून, हौस म्हणून. पण चार तेलं एकत्र ओतली आणि वर छानसं नाव चिकटवलं, असला प्रकार नाही. मिलिग्रॅम दाखवणारा काटा आहे, प्रत्येक घटकाची वहीत नोंद आहे, आणि एकेका मिश्रणाच्या कितीतरी आवृत्त्या तपकिरी बाटल्यांतून मुरत पडलेल्या असतात. पूर्ण झालेलं काही ती मला पाठवत नाही, पाठवते ती अर्धवट कामं. मी नागपुरात राहते, आणि पुण्याच्या हवेत सगळंच बरं वाटतं, असं तिचं म्हणणं. "ताई, तुझ्याकडे मे महिन्यात जे तग धरेल ते खरं." मला रसायनशास्त्र येत नाही. नाक बरं आहे आणि लिहून ठेवायची सवय आहे, तेवढ्यावर हे काम माझ्या गळ्यात पडलं.

या वेळच्या कुपीवर तिने लिहिलं होतं: शिप्र, फुलांचं, ताजं, सगळ्यांसाठी. आमच्या घरी तरी या चार शब्दांपैकी पहिला समजावून सांगावा लागला.

शिप्र हे आता एका सेंटचं नाव राहिलेलं नाही, ते घराणं आहे. फ्रान्स्वा कोटी यांनी 1917 साली 'शिप्र' नावाचं सेंट काढलं आणि त्याच्या ढाच्यावर पुढे इतकी सेंटं निघाली की ढाच्यालाच ते नाव पडलं. दोनच वर्षांनी, 1919 मध्ये, गेर्लँ या फ्रेंच कंपनीचं 'मित्सुको' आलं. त्यात याच ढाच्यावर पीचच्या वासाचं रसायन चढवलेलं होतं. ढाचा असा: वर बर्गमॉट, म्हणजे इटलीतल्या कॅलाब्रियात होणाऱ्या एका कडवट लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल. अर्ल ग्रे चहाला जो वास असतो तो याचाच. खाली लॅब्डनम. भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या पानांवर येणारा हा चिकट डिंक. एके काळी तिथे चरणाऱ्या शेळ्यांच्या दाढ्या विंचरून तो गोळा करत. आणि तळाशी ओकमॉस. नावात मॉस असलं तरी ते शेवाळ नव्हे, ओकच्या फांद्यांवर वाढणारं लायकेन आहे. आपलं मसाल्यातलं दगडफूलही लायकेनच. मधल्या जागेत फुलं येतात, बहुतेक वेळा सोबत पॅचुली, म्हणजे ओल्या मातीसारखा वास असलेलं एका झाडाच्या पानांचं तेल. वरचा भाग स्वच्छ, उजळ. खालचा दमट, गडद. आणि सगळी मजा या दोघांच्या ओढाताणीत. नुसता टवटवीतपणा हवा असेल तर कोलोन आहेच, आणि नुसता गडदपणा हवा असेल तर आमच्या मोमिनपुऱ्यात जाऊन शमामा, म्हणजे मसाले आणि मुळ्यांचं अत्तर, घ्यावा.

कुपी आल्यावर मी तिला पहिला प्रश्न वासाबद्दल विचारला नाही. बर्गमॉटच्या सालीतून दाबून काढलेल्या तेलात बर्गाप्टेन नावाचं द्रव्य असतं. ते अंगावर असताना ऊन लागलं की कातडी भाजल्यासारखी होते आणि मागे काळपट डाग राहतात. सेंट उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत म्हणूनच अंगावर राहणाऱ्या वस्तूंमध्ये साध्या बर्गमॉट तेलाला 0.4 टक्क्यांची मर्यादा आहे. नागपूरच्या मे महिन्यात ही चौकशी आधी करायची, हुंगणं नंतर. तिने बर्गाप्टेन काढून टाकलेलं तेल वापरलं होतं. ओकमॉसचंही असंच आहे. त्यातल्या अट्रॅनॉल आणि क्लोरोअट्रॅनॉल या दोन द्रव्यांची बऱ्याच जणांना ॲलर्जी होते. युरोपीय संघाने 2017 मध्ये त्यांच्यावर बंदीचा नियम केला आणि 2021 पासून ती असलेली प्रसाधनं तिथे विकताच येत नाहीत. त्यामुळे हिच्या कुपीत ती द्रव्यं काढलेलं ओकमॉस नावापुरतं, आणि बाकीचं काम एव्हर्निल या कृत्रिम रसायनावर सोपवलेलं. जुन्या शिप्रच्या आठवणी काढून उसासे टाकणाऱ्यांना हे पटत नाही. मला पटतं. अंगावर पुरळ आणून मिळालेला सुवास काय कामाचा?

सुरुवात कागदापासून. जाड, पांढऱ्या, बिनवासाच्या कागदाच्या पट्ट्या, त्यांवर पेन्सिलीने वेळ लिहायची. पेनाने नाही, शाईला स्वतःचा वास असतो. हे सगळं सकाळी, स्वयंपाकघरात फोडणी पडायच्या आत. आमच्याकडे एकदा कांदा-लसूण तेलात गेला की दुपारपर्यंत कुठल्याही परीक्षेत अर्थ उरत नाही. दुकानांत कॉफीच्या बियांची वाटी ठेवतात, ती हुंगली की नाक पुन्हा कोरं होतं म्हणे. मला त्याचा उपयोग कधीच जाणवला नाही. गॅलरीत जाऊन दोन मिनिटं साधी हवा घेणं, किंवा स्वतःच्याच बाहीत नाक खुपसणं, एवढं पुरतं.

कागदावर सेंट सुरेख उघडलं. लिंबूवर्गीय वास म्हटलं की नागपूरकराला संत्रं सोलताना उडणारा गोड फवारा आठवतो. बर्गमॉट त्याहून कोरडं, लॅव्हेंडरच्या बाजूला झुकणारं. त्याच्या मागून हिरवा, तुरट असा काडीचा वास आला. तो पेटिटग्रेनचा, कडू संत्र्याच्या पानांपासून आणि कोवळ्या फांद्यांपासून काढलेल्या तेलाचा. काटोलच्या बाजूला आमच्या नात्यात संत्र्याची बाग आहे. छाटणी चालू असताना तिथे उभं राहिलं की असाच वास येतो, त्यात फळ नसतं. जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहाराची फुलं उमलली की ती बाग वेगळीच होते. त्या फुलांचा अंशही मला कागदावर सापडला, पण इथे तो बारीक, धुतल्यासारखा. यात नेरोली आहे असं तिने नंतर सांगितलं. नेरोली कडू संत्र्याच्या फुलांचं, आपल्या संत्र्याच्या फुलांचं नव्हे, आणि ते वाफेवर काढलेलं. वाफेत फुलाचा मधाळपणा बराचसा मागे राहतो.

फुलांच्या भागात मोगरा थोडा आणि हेडिओन भरपूर होतं. हेडिओन हे चमेलीच्या वासाशी नातं असलेलं रसायन. एदमों रुदनित्स्का यांनी 1966 मध्ये डिओरच्या 'ओ सोवाज'मध्ये ते वापरलं आणि तेव्हापासून ताज्या सेंटांतून ते हललेलं नाही. नुसतं हुंगलं तर बाटलीत काही आहे की नाही अशी शंका येते. मिश्रणात मात्र ते फुलांच्या आजूबाजूला मोकळी हवा ठेवतं. सीताबर्डीला संध्याकाळी घेतलेला मोगऱ्याचा गजरा बंद रिक्षात डोकं उठवतो. तोच मोगरा हेडिओनसोबत आला की अंगावर येत नाही. कागदावर हे सगळं इतकं जुळलेलं होतं की मी वहीत 'उत्तम' लिहून मोकळी झाले असते. पण कागदाला घाम येत नाही.

अंगावर लावायला मी मुद्दाम नवतपा निवडला. मेच्या अखेरचे ते दिवस इथे सगळे हिशेब बदलतात. मे 2024 मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश दाखवले होते, मग यंत्रच बिघडलं होतं असं निघालं. पण तो आकडा वाचून शहरातल्या कोणाला फारसं आश्चर्य वाटलं नव्हतं, यावरून काय ते समजा.

बिनवासाच्या साबणाने आंघोळ, पावडर नाही, केसांना तेल नाही. एक फवारा हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खाली. एक सुती ओढणीच्या टोकाला. मनगटं एकमेकांवर घासायची नाहीत. घासल्याने काही रेणू तुटत नाहीत, पण कातडी गरम होते आणि वरचा थर आणखी लवकर उडतो. इथे तो उडायला निमित्तच शोधत असतो. घर ते छत्रपती चौकाचं मेट्रो स्टेशन एवढं चालून होईपर्यंत हातावरचं बर्गमॉट संपलं होतं. विरळ झालं असं नाही, संपलं. कागदावर त्याने निवांत वीस मिनिटं काढली होती. ओढणीवर मात्र ते होतं, कारण कापड कातडीइतकं तापत नाही आणि त्याला घामही येत नाही. ज्यांना वरचाच भाग आवडतो त्यांनी उन्हाळ्यात कपड्यावर लावावं. पांढऱ्यावर नको, लॅब्डनमचा पिवळट डाग पडू शकतो.

मग मेट्रोत बसले, डबा थंडगार, आणि हातावर फुलं परत आली. ती मधल्या काळात कुठे गेली नव्हती. बाहेरच्या कोरड्या उन्हात नाकाच्या आतलं अस्तरही कोरडं पडतं आणि मग आपल्याला वास नीट लागत नाहीत. पाऊस पडल्यावर सगळ्या वस्तूंचे वास एकदम जिवंत होतात ते उलट कारणाने. कस्तुरचंद पार्कला उतरेपर्यंत मोगरा आणि तो हिरवा तुरटपणा छान एकत्र चालले होते. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी विचारलं, "काही लावलं आहे का? साबणाचा वास येऊन राहिला." साबण म्हणाल्या म्हणून मी नाराज झाले नाही. ताज्या शिप्रला स्वच्छ धुतलेपणाचा वास असायलाच हवा, आणि हातभर अंतरावरून एवढंच कळणं मला पसंत आहे.

गडबड झाली ती दुपारी. जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडले, परत आले, आणि हात हुंगला तर फुलं साफ निघून गेलेली. लॅब्डनम फुगून वर आलेलं, गोडसर, चामड्यासारखं. पॅचुली त्याच्याही वर. ओली माती आणि बंद लाकडी कपाट असा तो वास, एरवी मला आवडतो, पण चव्वेचाळीस अंशांत तो घशाला चिकटतो. सकाळचं सेंट आणि दुपारचं सेंट यांची एकमेकांशी ओळखच नव्हती. मला वाटतं, तापलेल्या शहरात शिप्रची खरी कसोटी इथेच आहे. वरचा भाग तर उडणारच, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. खालचा टिकणारच, तो तर डिंक आणि लायकेन. दोघांना जोडणारा मधला भाग उष्णतेत उभा राहतो का, एवढंच पाहायचं. हिचा राहत नव्हता. पुण्यात तो दोन-तीन तास आरामात काढत असणार, म्हणून तिच्या लक्षात आलं नसणार.

संध्याकाळी घरी आले तेव्हा दुपारचा चिकटपणा ओसरला होता आणि तळाचा भाग एकटा उरला होता. सासूबाईंना हात पुढे केला. त्यांनी हुंगलं, पुन्हा हुंगलं. "मसाला भाजून राहिली का व? दगडफूल आहे हे."

शिप्र, कोटी, ओकमॉस यातलं काहीही त्यांना मी सांगितलेलं नव्हतं. सावजी रस्स्यासाठी घरी मसाला करणाऱ्या बाईचं नाक आहे ते, इतवारीच्या किराणा ओळीतून दगडफूल पारखून आणणारं. आम्ही लगेच डबा उघडला. कोरडं दगडफूल नुसतं हुंगलं तर जवळपास काहीच लागत नाही, जुना कागद आणि धूळ. कढईत तेलाचे थेंब टाकून मंद आचेवर परतलं की मग तो गडद, रानातला, किंचित धुरकट वास उठतो. हातावरचा वास आणि कढईतला वास शेजारी ठेवले. सारखे नव्हते. हातावरच्यात एक खारट, शाईसारखी धार होती, कढईतला जास्त तेलकट, खमंग. पण कूळ एक आहे हे कोणीही सांगेल. आणि ओकमॉसला उष्णता मानवते हेही कळलं. लॅब्डनम आणि पॅचुली नवतप्यात बेताल झाली, पण दगडफुलाच्या या चुलतभावाने दिवसभर सूर सोडला नाही. वहीत मी ठळक लिहिलं: मॉसला हात लावू नकोस.

कूलरची एक अडचण मध्येच आली. नव्याने खस भरलेल्या कूलरसमोर बसून मी रात्री हात हुंगत होते आणि तळ एकदम भारदस्त वाटायला लागला. कितीतरी शिप्रांच्या तळाशी वाळ्याचं तेल असतं. माझी खोलीच त्यात भर घालत होती. कूलर बंद केल्यावर तो भारदस्तपणा निम्म्यावर आला. त्यानंतरच्या सगळ्या नोंदी गॅलरीत, घामाघूम होत. बहिणीला मात्र ही कल्पना फार आवडली आणि आता तिला मिश्रणात वाळा हवाच आहे.

'सगळ्यांसाठी' हा चौथा शब्द तपासायला नवऱ्याच्या हाताला लावलं. पहिल्या सकाळी सगळं फुकट गेलं, कारण त्याचं आफ्टरशेव्ह लिंबाचं आणि बर्गमॉटशी त्याची जुंपली. दुसऱ्या सकाळी दाढीला सुट्टी दिली. त्याच्या हातावर फुलं जरा मागे आणि मॉस जरा पुढे वाटलं, पण त्याच्या घामाचा आणि त्याच्या बाइकच्या प्रवासाचा त्यात किती वाटा आणि पुरुष असण्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही. मला तर लिंगाचा वाटा शून्याजवळ वाटतो. त्याला मोगऱ्याची भीती होती, लोक हसतील म्हणून. कोणी हसलं नाही. एकाने आफ्टरशेव्ह बदललं का, एवढं विचारलं.

तसंही ही वाटणी आपल्याकडची नाही. हळदीकुंकवाला बायकांच्या हाताला जे अत्तर लावतात तेच लग्नाच्या मांडवात पुरुषांच्या हाताला लागतं, आणि कानात गुलाबाचा फाया खोचणारे म्हातारे आमच्या महाल भागात मी लहानपणी पाहिले आहेत. पाश्चात्त्य बाजारात सगळ्यांसाठीचं सेंट म्हणून 'सीके वन' 1994 मध्ये आलं तेव्हा त्याची केवढी चर्चा झाली. मोमिनपुऱ्यातल्या अत्तरवाल्याला मी बाईसाठी की पुरुषासाठी हा प्रश्न कधी विचारताना ऐकलेलं नाही. तो विचारतो, गरम हवं की थंड. खस, गुलाब, मोगरा उन्हाळ्याचे. हिना, शमामा थंडीचे. माझी कागदाची पट्टी त्याच्यासमोर धरली तेव्हाही तो म्हणाला, "ऊपर से ठंडा, नीचे से गरम. दोनों एक शीशी में काय को डाले?" शिप्रवर याहून नेमकी टीका मी ऐकलेली नाही. मग त्याने शमामा हुंगायला दिला. त्यातही छडीला पडतो, म्हणजे दगडफूलच. पण वर लिंबू नाही, हवा नाही, मसाले आणि मुळ्या थेट. तो हुंगल्यावर मला बहिणीच्या कुपीतली उजळ बाजू किती मोलाची आहे ते कळलं, आणि ती दुपारी का हवी तेही.

मी तिला लिहून पाठवलं ते थोडक्यात असं. वरच्या भागावर आणखी खर्च करू नकोस, इथे तो उडणारच. मोगरा वाढवू नकोस, त्यानेही गोडवा वाढेल. मध्ये असं काहीतरी घाल जे फुलांपेक्षा जड आणि डिंकापेक्षा हलकं असेल. लॅब्डनम निम्मं कर. पॅचुली कमी कर. मॉस राहू दे.

तिचं उत्तर: लॅब्डनमचं मान्य. मधल्या भागात ती नेरोलीच्या जोडीला संत्र्याच्या फुलांचं ॲब्सोल्यूट घालणार. ते वाफेवर न काढता विलायकाने काढतात, त्यामुळे जड असतं, मधाळपणाही त्यात शिल्लक राहतो आणि ते उशिरापर्यंत टिकतं. मधाळपणाची मला धास्ती होती, पण किंचित वापरलं तर चालेल असं ती म्हणाली. पॅचुलीबद्दल मात्र स्पष्ट नकार. पॅचुली काढली तर मॉस आणि फुलं एकमेकांना धरून राहणार नाहीत, हे तिचं ठाम मत. "मग तुझ्या शहराला झाड लाव," असंही वर.

नवी कुपी पावसाळा लागल्यावर आली. मी ती आल्याआल्या फ्रिजच्या दारात ठेवली. तापत्या घरात बाटली उघड्यावर राहिली तर लिंबूवर्गीय भाग सगळ्यात आधी खराब होतो, मग परीक्षा कशाची करायची? दमट हवेत लावून पाहिलं तर दुपार आता दुपारसारखी वाटते. फुलं साडेबारा-एकपर्यंत हातावर असतात आणि मॉस त्यांच्या पाठीमागून येतं, त्यांना ढकलून नाही. ॲब्सोल्यूटने संत्र्याच्या बागेची खरी फुलं आणली, काटोलची नसली तरी जवळची. नवऱ्याने दोनदा न विचारता लावलं. सासूबाईंना आधीचंच आवडलं होतं, यात मसाला कमी पडतो म्हणाल्या.

पॅचुली अजून माझ्या मते जास्तच आहे. पण पाऊस चालू असताना ती खटकत नाही, त्यामुळे हा वाद पुढच्या मे महिन्यापर्यंत तहकूब. एक कुपी मी त्यासाठी फ्रिजमध्ये राखून ठेवली आहे, आणि बहिणीला तसं कळवलं आहे.